देवरे सरांची हजेरी आणि एमआरआयचं खोकं

नाशिकला जाऊन आले म्हटलं की आमच्या कोल्हापुरात पहिला प्रश्न ठरलेला. त्र्यंबकेश्वर केलं का? दुसरा, द्राक्षं आणली का? मी दोन्हीला नाही म्हणते, मग लोक माझ्याकडे जरा काळजीने बघतात. इतक्या लांब जाऊन केलं काय मग? तर सांगते. एका हॉस्पिटलने मोडीत काढलेल्या एमआरआय मशीनचा चाळीस किलोचा एक तुकडा नाशिकहून उचलला आणि बागलाण तालुक्यातल्या नामपूरला एका शिक्षकांच्या घरी नेऊन पोचवला. वाटेत माझा जीव किती वेळा वरखाली झाला ते माझं मला ठाऊक.

मी हौशी रेडिओवाली आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी होती तेव्हापासूनचा नाद. सरकारचा परवाना आहे, छतावर अँटेनाची तार आहे, आणि रोज सकाळी सात वाजता महाराष्ट्रभरचे आम्ही पंधरावीस जण चाळीस मीटरच्या पट्ट्यावर जमतो. आम्ही त्याला ‘हजेरी’ म्हणतो. नावं पुकारायचं काम माझ्याकडे. मी एकेकाचं नाव घेते, तो उत्तर देतो, मी त्याला दोन आकडे सांगते. पहिला आकडा पाचापैकी, म्हणजे बोलणं किती स्पष्ट कळतंय. दुसरा नवापैकी, म्हणजे आवाजाचा जोर किती. पाच-नऊ म्हणजे पैकीच्या पैकी. आणि आता खरं सांगायचं तर आमच्यात सगळे सगळ्यांना पाच-नऊच देतात. पाहुण्याला चहा बरा होता का विचारलं तर तो काय सांगणार, तसलाच हा प्रकार.

नामपूरचे देवरे सर आमच्यातले सगळ्यात वडीलधारे. विज्ञानाचे शिक्षक होते. पत्नी गेल्यापासून घरात एकटेच. मुलगा दीपक सुरतेला. तो मागे लागला होता की आता इकडे या, तिथे पडलात झडलात तर कोणाला कळणार? सर म्हणाले, रोज सातला हजेरीत माझं नाव असतंच की, ताई तुला कळवतील. तेव्हापासून हजेरी संपली की मी दीपकला मोबाईलवर दोन शब्द पाठवते, ‘सर हजर’. ज्या दिवशी हे दोन शब्द जाणार नाहीत, त्या दिवशी सरांचं बिऱ्हाड सुरतेला हलणार, असा बापलेकांचा करार.

आणि श्रावणापासून सरांचा आवाज बुडायला लागला. आधी खरखर, मग खरखरीत एखादा शब्द, मग नुसती सळसळ. मी आपली म्हणायची, ‘देवरे सर, पाच-नऊ, नमस्कार.’ दुसरं काय म्हणणार? वडील माणूस, त्यात गुरुजी. रेडिओ बंद केला की मात्र एकच विचार. हा आवाज पुरता गेला तर सरांचं घरच गेलं. त्यांना जोर कमी पडतोय, जोराचा बंदोबस्त करायला हवा, असं मी मनाशी पक्कं केलं.

नाशिक

जोर सापडला पंचवटीत. तिथले गायकैवारी गुरुजी सकाळी रामकुंडावर यजमानांची कार्यं करतात आणि दुपारी सोवळं सोडून सोल्डरिंग आयर्न हातात घेतात. आमच्या हजेरीतलेच ते. भंगारबाजारात त्यांना एमआरआयचं हे खोकं दिसलं. त्या मशीनला शरीराचं चित्र काढायला रेडिओलहरींचे दणके द्यावे लागतात, आणि ते दणके तयार करणारा ॲम्प्लिफायर म्हणजे हे खोकं. नवी मशीनं आली की जुनी किलोवर जातात. या मशीनची लहर आमच्या पट्ट्याच्या बरीच जवळची होती. गुरुजींनी महिनाभर खपून वेटोळी बदलली, पंखा वाढवला आणि खोक्याला आमची भाषा शिकवली. मशीन हजारांत दणके द्यायचं, पण क्षणभरच. आपल्याला बोलायचं असतं सलग, आणि परवान्याला मर्यादा चारशे वॅटची, म्हणून त्याला त्याच्या ताकदीच्या पुष्कळ खाली चालवायचं.

आम्ही पोचलो ते नेमके पितृपक्षात. आम्ही म्हणजे मी आणि आमचे हे. ह्यांना रेडिओतलं ओ की ठो कळत नाही, पण गाडी चांगली चालवतात आणि माझी चेष्टा त्याहून चांगली करतात. निघताना नणंदेने बजावलं होतं की या पंधरवड्यात नवीन वस्तू घरात आणू नये. ते डोक्यात घोळत होतं, म्हणून मी गुरुजींनाच विचारलं.

‘नवीन कुठाय?’ गुरुजी म्हणाले. ‘हे तर मोडीतलं. शिवाय तुमच्या घरात जातंच नाहीये. नेऊन टाका बिनधास्त.’

गुरुजींच्या दारात सकाळपासून यजमानांची रीघ. वहिनींनी आम्हाला आधी नाश्त्याला पिटाळलं. नाशिकची मिसळ खाल्ली. चव वाईट नाही, पण मिसळीशेजारी पापड आणि दह्याची वाटी बघून मला कसंसंच झालं. आमच्याकडे मिसळीला दही मागितलं तर हॉटेलवाला विचारतो, घरी कोण आजारी आहे का? हे मात्र दोन वाट्या दही खाऊन वर म्हणाले, ‘नाशिककर शहाणे आहेत.’

दुपारी गुरुजींनी माझी शिकवणी घेतली. खोक्याच्या आत दोन हजारांवर व्होल्ट. बटण बंद केलं तरी आतल्या कपॅसिटरमध्ये ते दबा धरून बसतात. म्हणून आधी काठी, मग हात. काठी म्हणजे प्लास्टिकच्या पाइपाला पितळी आकडा आणि जमिनीला जोडलेली जाड वायर. आकडा लावला की साठलेली वीज जमिनीत जाते. आणि दुसरा नियम, एक हात कायम खिशात. दोन्ही हात आत गेले तर वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडते.

‘साडीला खिसा नसतो गुरुजी,’ मी म्हटलं.

‘धोतराला तरी कुठं असतो? मी कमरेला खोचतो. तुम्ही डावा हात पदरात गुंडाळा आणि कमरेशी दाबून धरा. सुटता कामा नये.’

मी दहा वेळा सराव केला. अकराव्या वेळी हे दारातून म्हणाले, ‘लावणी बसवताय काय?’ गुरुजी हसले नाहीत. त्यांनी आतून व्हॉल्व्ह, म्हणजे जोर वाढवणारी नळी, काढला, नारळाएवढा, मधे पांढऱ्या चिनी मातीचं कडं. तो त्यांनी कापसात गुंडाळून पितळी डब्यात ठेवला आणि डबा माझ्या हातात दिला.

‘हा वेगळा न्यायचा. हादरा बसता कामा नये. आणि हे पांढरं फुटलं तर त्याची धूळ नाकात जाऊ द्यायची नाही, विषारी असू शकते.’

‘असू शकते म्हणजे? आहे की नाही?’

‘असेल किंवा नसेल. पण आपण फोडून बघायचं नाही.’

झालं! त्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही.

सटाण्याच्या वाटेवर

सकाळी निघालो. खोकं मागच्या सीटवर दोन उशांच्या मधे, डबा माझ्या मांडीवर गोधडीत. वाटेत किती गतिरोधक आहेत विचारा, मी सांगते. प्रत्येकाला मी ‘हळू’ म्हणाले आणि प्रत्येकाला हे म्हणाले, ‘नातवाला एवढं जपलं नव्हतंस.’

देवळ्याच्या अलीकडे नाकाबंदी होती. हवालदाराने मागे वाकून पाहिलं. राखाडी खोकं, त्यावर कवटीचं चित्र, खाली लाल अक्षरांत धोक्याची सूचना. परवाना प्लास्टिकच्या पाकिटात होता, तो काढेपर्यंत पाकीट दोनदा हातातून पडलं.

‘हे काय हे बाई?’

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, ‘एमआरआय मशीनचा पार्ट आहे साहेब.’

‘अस्सं!’ हवालदार एकदम मऊ झाला. ‘मला लय दिवसांपासून गुडघ्याचा काढायला सांगितलाय. यात दिसंल का?’

‘गुडघा नाय दिसत, नुसता आवाज येतो,’ हे म्हणाले.

‘आवाज तर गुडघ्याचाच येतो माझ्या,’ असं म्हणत त्याने आम्हाला सोडलं. हे सटाण्यापर्यंत हसत होते. मी नव्हते हसत. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. एवढं करून सरांचा आवाज नाही पोचला तर?

सटाण्याला शेवभाजी खाल्ली. रश्श्याने कानातून वाफ निघाली आणि मला पहिल्यांदा या मुलखाविषयी आदर वाटला. कोल्हापूरचं तिखट आधी हाक मारून येतं, हे गुपचूप येऊन बसतं. तिथून पुढे रस्ताभर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग. प्रत्येक शेतात कांद्याची चाळ, बांबूच्या फटींच्या भिंती, वर पत्रा. उन्हाळी कांदा दर वाढेपर्यंत त्यात वारा खात पडून राहतो. आमच्याकडे ऊस कापला की कारखान्याला धाडायचा आणि मोकळं व्हायचं. इथे पीक घरात आल्यावर खरी काळजी सुरू होते. मला ही माणसं एकदम आपली वाटली.

नामपूर, पहिला दिवस

देवरे सरांना मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. अकरा वर्षांची ओळख, सगळी आवाजाची. दारात एक उंच, वाकलेले गृहस्थ उभे होते, पांढरा शर्ट, खिशाला पेन. ते बोलले आणि मला धक्काच बसला, कारण समोरासमोर त्यांचा आवाज खणखणीत होता.

‘या सुनंदाताई! पाच-नऊ!’

चालताना मात्र ते भिंतीला हात लावत होते. मी विचारलं तर म्हणाले, ‘वय झालं.’

शेजारचे केदाभाऊ खोकं उचलायला आले. चाळीस किलोचं धूड त्यांनी एकट्याने काखेत मारलं. सरांचं घर आणि केदाभाऊंची कांद्याची चाळ यांच्यामध्ये जेमतेम एक बोळ. त्यांच्या घरून बाजरीची भाकरी आणि हिरव्या मिरच्यांचा खुडा, म्हणजे तिकडचा ठेचा, आला. केदाभाऊ सरांशी अहिराणीत बोलत होते, आमच्याशी जरा जपून मराठीत.

जेवण झाल्यावर मी म्हटलं, ‘सर, आधी तार बघून घेऊ.’

‘तार ठीक आहे ताई,’ सर घाईने म्हणाले. ‘तुम्ही आधी मशीन जोडा.’

इथे माझी चूक झाली. कोणी नवखा असता तर मी सरळ मागे जाऊन तार बघितली असती. पण सर म्हणतात ठीक आहे, म्हणजे ठीकच असणार. मोठ्या माणसाच्या शब्दावर बोट कसं ठेवायचं?

डावा हात पदरात गुंडाळून मी व्हॉल्व्ह बसवला. झाकण लावलं. पाच वाजता नाशिकहून गुरुजी ऐकत बसणार होते. बटण दाबलं, पंखा घोंघावला. व्हॉल्व्ह तापायला तीन मिनिटं लागतात. त्या तीन मिनिटांत मी नियम पाच वेळा म्हटले आणि खिडकीतून बाहेर गेलेल्या केबलकडे बघत राहिले. सर खुर्चीत ताठ बसले होते, माइक हातात, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे.

‘गायकैवारी गुरुजी, मी देवरे, नामपूर, कसा ऐकू येतोय?’

खोक्यावरच्या मीटरचा काटा उसळला, पण भलत्याच बाजूला. जोर तारेत जायच्याऐवजी उलटा परत येत होता. मी ‘थांबा सर’ म्हणतेय तोच बोळातून आरोळी आली.

‘ताई! धूर! धूर निंघी राह्यना! मना कांदा शे आत!’

मी खिडकीशी धावले. केदाभाऊंच्या चाळीच्या पत्र्यावर ठिणग्या तडतडत होत्या आणि पत्र्याखाली अडकलेल्या कांद्याच्या वाळल्या पातीतून धूर निघत होता. केदाभाऊंची बायको पाण्याची बादली घेऊन धावत येत होती.

‘पाणी नको!’ मी कोल्हापूरपर्यंत ऐकू जाईल अशी ओरडले. ‘पाणी टाकू नका!’

ह्यांनी विचार न करता भिंतीवरचं मेन स्विच खाली ओढलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते एका शब्दाचीही चेष्टा न करता हलले. ठिणग्या थांबल्या. केदाभाऊंनी पात उपसून बोळात टाकली आणि पायाने तुडवली. तळहाताएवढा काळा डाग, एवढंच झालं होतं. पण आत वर्षाचा कांदा होता, आणि भिंती वाळक्या बांबूच्या. मी उंबऱ्यावरच बसले.

मग उठून मागे गेले आणि वर पाहिलं. जी तार दोन उंच खांबांमध्ये ताणलेली असायला हवी, तिचं एक टोक चाळीच्या पत्र्याच्या कोपऱ्याला सुतळीने बांधलेलं होतं. अर्धी तार पत्र्यावर लोळत होती. अहो, मग आवाज कुठून पोचणार? रेडिओचा थोडा जोर ती कशीबशी सोसत होती, एवढंच. इथे ॲम्प्लिफायर कशाला हवा होता? शिडी हवी होती.

‘सर, ही तार खाली कोणी आणली?’

केदाभाऊच बोलले, अजून रागात. ‘कितला येळा सांगं यास्ले, शिडीवर चढू नका! नागपंचमीले पडनात ना. मी दहा वाजता गऊ तवय सर आठे आडवा पडेल व्हतात.’

नागपंचमी. माझी हजेरीची वही पिशवीत होती. मी ती काढली नाही. काढायची गरजच नव्हती. नागपंचमीला मी पुरणाची दिंडं वाफवायला ठेवली होती, हे आतून दोनदा ओरडले होते, आणि मी हजेरी घाईघाईने उरकली होती. त्या दिवशी सगळे हजर होते. मी दीपकला ‘सर हजर’ पाठवलं होतं.

‘किती वाजता पडलात सर?’

‘पावणेसातला,’ सर शांतपणे म्हणाले. ‘दोरी कुजून तुटली होती. हजेरीच्या आत बांधावी म्हणून चढलो. पाय घसरला, कंबर धरली, उठता येईना. मोबाईल घरात. पण रेडिओ लावून ठेवला होता आणि खिडकी उघडी होती. सात वाजले, तुमचा आवाज आला. मला धीर आला. म्हटलं, आता आपण उत्तर देणार नाही, ताईंच्या लक्षात येईल, त्या केदाला फोन करतील.’

मी खाली बघत होते.

‘तुम्ही माझं नाव घेतलंत. थोडं थांबलात. आणि म्हणालात, देवरे सर, पाच-नऊ, नमस्कार.’ सर चक्क हसले. ‘मी इथे जमिनीवर, आणि रेडिओ सांगतोय की मी हजर आहे. मला वाटलं, उठायलाच पाहिजे आता. पण नाही उठता आलं.’

तीन तास. मी दिंडावर तूप घालून खात होते तेव्हा हा माणूस तीन तास या बोळात पडून होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. सर आणखीच ओशाळले. उठूफिरू लागल्यावर पुन्हा शिडी नको म्हणून त्यांनीच तार हाताला येईल तिथे, पत्र्याला बांधून टाकली होती. दीपक घेऊन जाईल म्हणून त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं, आणि मला सांगितलं नव्हतं ते माझ्या मनाला लागेल म्हणून. पडल्यावरही रोज माझा खोटा पाच-नऊ ऐकून ते ‘धन्यवाद ताई’ म्हणत होते.

‘मी दीपकला सांगणार,’ मी म्हटलं.

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी त्या काळ्या डागाकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘सांगा. पण आधी तार चढवू. मग सांगा.’

नामपूर, दुसरा दिवस

झुंजुमुंजू होताच केदाभाऊ आपल्या भावाला आणि दोन लांब बांबूंना घेऊन आले. सरांना खुर्चीवर बसवून हात जोडून सांगितलं की जागचं हलायचं नाही. नवी नायलॉनची दोरी, कडुनिंबाच्या फांदीवरून ओढून घेतलेली. तार चाळीपासून चांगली लांब आणि उंच गेली. सर खुर्चीतून ‘डावीकडे, अजून डावीकडे’ असं पंचवीस मुलांच्या वर्गाला सांगावं तसं सांगत होते. मी पूर्ण तार तीनदा डोळ्यांनी तपासली. मग ह्यांनाही बघायला लावली.

आधी दीपकला फोन केला. सगळं सांगितलं, माझ्या बाजूचंही काही लपवलं नाही.

‘काकू, म्हणजे रोज तुम्ही नुसतंच लिहीत होता?’

‘रोज नाही. पण नुसती सळसळ असली की, हो. त्या दिवशीही.’

‘मी तुमच्या त्या दोन शब्दांवर झोपायचो,’ तो म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाला, ‘दिवाळीपर्यंत बघतो. त्यानंतर मी येऊन त्यांना घेऊन जाणार. तयारी ठेवा म्हणावं.’

सर ऐकतच होते. त्यांनी मान डोलावली.

सात वाजता हजेरी गुरुजींनी घेतली. आठला त्यांचे यजमान बसणार होते, तरी थांबले. मशीन तापवून सरांनी हाक दिली. काटा शहाण्यासारखा जिथल्या तिथे.

‘अहाहा! पाच-नऊ सर!’ गुरुजी म्हणाले.

सरांनी मला खूण केली. मी खोकं बंद केलं. आता नुसता रेडिओ.

‘आता सांगा गुरुजी. आणि खरं सांगा. मी शिक्षक आहे, उगाच दिलेले गुण मला चालत नाहीत.’

गुरुजी घुटमळले. रामकुंडावर रोज लोकांच्या बापजाद्यांशी बोलणारा माणूस, पण एवढं सांगायला त्याला जड गेलं. ‘चार... चार-सहा आहात सर.’

‘चार-सहा!’ सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू पहिला नंबर आला. ‘ऐकलंत? चार-सहा आहे मी!’

खोकं नामपूरलाच ठेवलं. पावसाच्या कडकडाटात, किंवा खरंच अडचण आली तर लावायचं. रोज नाही. काठी दाराशी टांगली, नियम सरांनी सुवाच्य अक्षरात लिहून भिंतीला चिकटवले. निघताना केदाभाऊंनी गाडीत कांद्याची गोणी टाकली. मी पत्र्याच्या डागाबद्दल पुन्हा माफी मागितली तर म्हणाले, ‘जाऊ द्या ताई, डाग राहू द्या. सरले दखाडाले कामले येई.’

घरी आल्यावर

परत आल्यापासून हजेरीला वेळ लागतो. कारण मी आता जे ऐकू येतं तेच सांगते. पहिल्या आठवड्यात दोघे रुसले. सोलापूरच्या एकाने विचारलं, ‘ताई, काही चुकलं का माझं?’ मी म्हटलं, तुमचं नाही, तुमच्या तारेचं चुकतंय. त्याने तार बदलली. सर रोज चार-सहा, कधी चार-पाच. मी रोज दीपकला दोन शब्दांबरोबर आकडाही पाठवत होते. तो उत्तर देत नव्हता.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी मी सरांचं नाव घेतलं. सळसळ.

पुन्हा घेतलं. सळसळ. आता हात आपोआप वहीकडे गेला होता, ‘हजर’च्या रकान्याकडे. अकरा वर्षांची सवय आहे, जाते होय अशी? तिसऱ्यांदा नाव घेतलं आणि पूर्ण एक मिनिट थांबले. हे चहाचा कप घेऊन दारात उभे राहिले. मग मी लिहिलं, ‘गैरहजर.’ दीपकला तेच पाठवलं. केदाभाऊंना फोन लावला. ते शेतात होते, मोटारसायकल काढतो म्हणाले. पुढची नावं गुरुजींनी पुकारली. सात मिनिटं गेली. त्या सात मिनिटांत मी ती शिडी, तो बोळ, तो पांढरा शर्ट, सगळं पाहिलं.

फोन वाजला. केदाभाऊ नव्हते. सर होते.

‘ताई, केदा आलाय. मी खुर्चीत बसलोय. चहा पितोय.’

‘अहो मग उत्तर का नाही दिलंत?’

‘मुद्दाम नाही दिलं. दीपकला दाखवायचं होतं. आणि मलाही बघायचं होतं.’

माझं डोकंच फिरलं! मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. वडील माणूस, शिक्षक, सगळं विसरून बोलले. तुमची परीक्षा होते आणि इथे माझा जीव जातो, एवढं आठवतं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. तेवढ्यात माझ्या मोबाईलवर दीपकचा संदेश आला, महिन्याभरातला पहिला. ‘केदाकाकांनी मला सांगितलं. बाबांना राहू दे तिथेच.’

मी तो वाचून दाखवला. पलीकडे केदाभाऊ कोणावर तरी, बहुतेक सरांवरच, ओरडत होते.

‘वहीत काय लिहिलंत ताई?’ सरांनी विचारलं.

‘गैरहजर.’

‘खोडू नका,’ सर म्हणाले. ‘शाब्बास.’